स्टोअर सांभाळलेल्या फौजीने गेटवर का बसायचं?

नाशिकमध्ये लष्करातून निवृत्त होणाऱ्या माणसाला चारचौघांकडून पहिला सल्ला मिळतो तो सिक्युरिटीच्या नोकरीचा. पंधरा-वीस वर्षं ऑर्डनन्समध्ये (शस्त्र-साहित्याच्या शाखेत), एएससीत (रसद शाखेत) किंवा हवाई दलाच्या लॉजिस्टिक्समध्ये काढलेला माणूस अंबडला एखाद्या कंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो, आणि त्याच कंपनीच्या स्टोअरमध्ये कुठला रॉड कुठल्या लॉटचा हे छातीठोकपणे सांगणारा कुणी नसतो. सिक्युरिटीचं काम हलकं नाही. पण ज्याने लेजर, व्हाउचर आणि स्टॉक टेकिंगमध्ये उमेदीची वर्षं घातली, त्याने गेटच्या आत जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आत जाण्याआधी काय शिकायचं आणि कुठली सवय सोडायची, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ पासून आहे. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमानं इथे तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए ची तिसरी उत्पादन लाइन इथेच सुरू झाली, वर्षाला ८ विमानांच्या क्षमतेची. विमान ओझरला जोडलं जातं, पण ब्रॅकेट, बुश, फिटिंग असले सुटे भाग बाहेरच्या लहान-मोठ्या शॉपमध्येही बनतात. अशा शॉपमध्ये मशीन चांगली असतात, ऑपरेटर तरबेज असतात. माल नाकारला जाण्याचं कारण पुष्कळदा कागदात सापडतं.

एक रॉड घ्या. ७०७५ ग्रेडचा ॲल्युमिनियम, १०० मिलिमीटर व्यास, ३ मीटर लांब, वजन साधारण ६६ किलो. एका टोकाला हीट नंबर, म्हणजे धातूच्या एका ओतीचा क्रमांक, पंच केलेला. त्यातून १२० मिलिमीटरचे तुकडे काढायचेत. करवतीचा काप ३ मिलिमीटर धरला तर २४ तुकडे निघतात आणि ४८ मिलिमीटरचं टोक उरतं. बँडसॉवरच्या मुलाने नंबर असलेल्या टोकाकडून कापायला घेतलं, की पहिल्या तुकड्याबरोबर नंबर गेला आणि बाकीचा रॉड बेवारस झाला. ७०७५ आणि ६०६१ हे दोन ग्रेड डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत, पण टी-६ या उष्णता-प्रक्रिया केलेल्या अवस्थेत ७०७५ ची ताकद जवळपास दुप्पट असते. एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं यंत्र) लावून ग्रेडचा अंदाज येईल, हीट नंबर काही कळणार नाही. आणि हीट नंबर नाही म्हणजे मिलचं (धातू बनवणाऱ्या कारखान्याचं) टेस्ट सर्टिफिकेट त्या रॉडशी जोडता येत नाही. धातू अस्सल असूनही भंगारात! म्हणून नंबर नसलेल्या टोकाकडून कापायचं, पुढच्या तुकड्यावर नंबर आधी उतरवायचा आणि मगच करवत चालवायची. उरलेलं टोकसुद्धा नंबर टाकूनच रॅकवर ठेवायचं.

हाच रॉड ग्राहकाने फ्री इश्यू म्हणून, म्हणजे कामासाठी स्वतःकडून विनामोबदला, दिलेला असेल तर वजनाचाही हिशेब द्यावा लागतो. २४ तुकडे ६३.६ किलो, करवतीचा चुरा १.६ किलो, टोक १ किलो. ६६.२ ची बेरीज जुळली पाहिजे. मशीनिंगनंतर भाग ६०० ग्रॅमचा उरला तर नगामागे दोन किलो चिप्स निघतात. त्या दुसऱ्या ग्रेडच्या चिप्समध्ये मिसळल्या की स्क्रॅप परत करताना ग्राहकाशी वाद ठरलेला. फायरिंगनंतर काडतुसांच्या रिकाम्या केसेस मोजून परत केलेल्या माणसाला यातलं काहीही नव्याने समजावावं लागत नाही. त्याची खरी किंमत इथे आहे, आणि आपल्याकडच्या कारखानदारांना ती अजून नीट उमगलेली नाही.

आता सोडायच्या सवयीबद्दल. लष्करात साठा जास्त असणं ही सुरक्षितता असते. कंपनीत तोच साठा म्हणजे बँकेचं व्याज. त्यातून सीलंटसारखा माल असेल तर दुहेरी नुकसान, कारण सहा महिने आयुष्य असलेलं सीलंट वर्षभराचं घेतलं की निम्मं फेकावं लागतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलं तर डब्यावरच्या तारखेलाही अर्थ उरत नाही, कारण ती तारीख डब्यावर छापलेल्या तापमानापुरतीच खरी असते. रबरी ओ-रिंगच्या पाकिटावर क्युअर डेट, म्हणजे रबर पक्कं केल्याची तारीख, तिमाहीत छापलेली असते. रॅक लावताना माल आला कधी हे न बघता संपणार कधी हे बघायचं. जे आधी संपणार, ते पुढे.

तूट लपवणं ही दुसरी गोष्ट. लष्करात तूट दाखवली की चौकशी, लॉस स्टेटमेंट, वर्षभर पत्रव्यवहार, त्यामुळे काही जण ती अंगावर घेऊन कुठून तरी भरून काढतात. कंपनीत हे अजिबात करायचं नाही. चलनावर १०० नग, मोजले तर ९७. प्रॉडक्शनवाला म्हणतो, तीन उद्या येतील, १०० चा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) मारा. मारलात की पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि इन्व्हॉइस तिन्हीकडे १०० जुळतात, अकाउंट्स बिल पास करतं आणि ते तीन नग पुन्हा दिसत नाहीत. ९७ लिहा, त्याच दिवशी मेल टाका.

लष्करी स्टोअरमध्ये जे सहसा हाती लागत नाही ते म्हणजे जीएसटी, आणि मला वाटतं नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती तिथेच होते. हीट ट्रीटमेंट किंवा ॲनोडायझिंगसाठी माल जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घ्यायला, बाहेर जातो, कधी पुण्याला, कधी थेट बेंगळुरूला. तो विक्रीचा माल नसल्यामुळे डिलिव्हरी चलनावर जातो. परराज्यात जॉबवर्कला पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतंच; पन्नास हजारांपर्यंतच्या मालाची सूट इथे धरायची नाही. साध्या मालाला या बिलाची दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. नाशिक-बेंगळुरू हजार किलोमीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे सहा दिवस. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंतच ती वाढवता येते. ती वेळ हुकली आणि गाडी अडवली, तर कराच्या दुप्पट दंड मागतात. पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून व्याजासकट कर लागतो. जॉबवर्करच्या कोपऱ्यात विसरलेल्या पेट्या अशाच महागात पडतात. चलनांचं रजिस्टर दर महिन्याला उघडा आणि नऊ महिने झालेल्या प्रत्येक चलनामागे लागा.

एसएपीला, म्हणजे कंपन्यांच्या साठा-हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, घाबरू नका. इंडेंट, इश्यू, रिसीट हीच कामं तिथे आकड्यांनी ओळखतात. १०१ म्हणजे माल जमा, १२२ म्हणजे सप्लायरला परत, २६१ म्हणजे उत्पादनाला इश्यू, ३११ म्हणजे एका स्टोरेज लोकेशनमधून दुसऱ्यात, ५४१ म्हणजे जॉबवर्करकडे. हे पाच आकडे आणि त्यामागचा व्यवहार सांगता आला, तर इंटरव्ह्यू घेणारा खुर्चीत सावरून बसतो. एक्सेलमध्ये पिव्होट आणि लुकअप मात्र हात बसेपर्यंत करा.

तयारी शेवटच्या वर्षात, युनिटमध्ये असतानाच करायची. डीजीआरचे (माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे) पुनर्वसन कोर्स असतात, त्यात लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेनचेही असतात. जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) आणि जवानांची फी सरकार भरतं, अर्ज युनिटमार्फत जातो. सुटून घरी आल्यावर धावपळ करण्यात हशील नाही. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत गट क मध्ये माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे, तेव्हा तिथल्या जाहिराती बघत राहा. दहावी आणि पंधरा वर्षांची सेवा ही गट क च्या काही सरकारी पदांसाठी पदवीसमान धरतात. खासगी कंपनी ती तशी धरेलच असं नाही, म्हणून नोकरीत असतानाच पदवी पूर्ण केलेली बरी.

बायोडेटात डेपोचं ठिकाण, दारूगोळ्याचे प्रकार, साठ्याचे आकडे लिहू नका. शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. किती प्रकारच्या वस्तूंचं लेजर सांभाळलं हेसुद्धा मोघमच सांगा. ऑडिट, शेल्फ लाइफ, पॅकिंग, क्रेन-फोर्कलिफ्ट, रेल्वे-रस्ता वाहतूक या कामांबद्दल हवं तेवढं लिहा.

पगाराच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "साहेब, तुम्हाला पेन्शन आहेच की." पेन्शन केलेल्या सेवेची आहे, नव्या कामाचा दाम वेगळा. हे शांतपणे पण स्पष्ट सांगा. आणि नेमणूकपत्रावर सही करण्याआधी स्टोअर कुणाच्या हाताखाली आहे ते वाचा. प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली असेल तर महिनाअखेरीला क्वारंटाइनच्या (तपासणी बाकी असलेल्या मालाच्या) रॅकमधला माल तपासणीआधीच मागितला जाईल आणि नाही म्हणायचा अधिकार तुमच्याकडे नसेल. मटेरियल्स किंवा क्वालिटीच्या प्रमुखाच्या हाताखाली काम मागा, आणि कागद अपुरे असतील तर माल रोखण्याचा अधिकार नेमणूकपत्रात लिहून घ्या.