तीन ओळखपत्रं, प्रेस एकच

काल मला सांगितलं, "काका, तुमची सर्व्हिस तीनच वर्षांची दिसतेय." तीन! भोसरीच्या त्या कारखान्यात ९ वर्षं चार नंबरच्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, उभा होतो मी. क्लच अडकायच्या आधी तिचा आवाज बदलतो, तो आख्ख्या शिफ्टमध्ये मलाच कळायचा. आणि एचआरमधलं पोरगं माझ्याकडे न बघता सांगतं, तीन वर्षं.

का, तर मधे कंत्राटदार बदलले. दर तीन वर्षांनी ओळखपत्राची नाडी निळ्याची हिरवी, हिरव्याची लाल व्हायची. जेवणाच्या सुट्टीत कोऱ्या कागदांवर सह्या घ्यायचे. दुसऱ्या दिवशी तेच गेट, तोच सुपरवायझर, तीच प्रेस. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना सर्व्हिसच्या हिशोबाने मिळणाऱ्या पैशाला, ५ वर्षं लागायची, म्हणून कुणाला पाचापर्यंत पोचूच द्यायचं नाही. अहो, हिशोब आम्हालाही येतो! १९७२च्या कायद्यापासून चालत आलेला नियम आहे, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरायचे. बेसिक आणि डीए मिळून माझे १३,०००. म्हणजे दिवसाचे ५००, वर्षाचे ७,५००, नऊ वर्षांचे ६७,५००. आणि पुढे काय सरकवलं? ६,०००चं व्हाउचर. रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. खाली छापलेलं, 'यापुढे माझे कोणतेही येणे बाकी नाही.' पेनाचं टोपणसुद्धा काढून हातात दिलं. वर म्हणे, "साहेबांनी माणुसकी म्हणून दिलेत." माझ्या घामाचे पैसे आणि माणुसकी यांची? डोकं फिरलं माझं. टेबलावर हात आपटला, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, हे १९४८च्या फॅक्टरी कायद्यातच होतं. आम्हाला नऊ वर्षं सिंगलच मिळाला, तोही पाकिटातून, स्लिपवर नोंद नाही. सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापले. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी निरोप यायचा, "उद्या या, नाहीतर सोमवारी येऊ नका." संघटना करायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९मध्ये लिहिलाय. दोघांनी नुसतं युनियनचं नाव काढलं, तर दिवाळीच्या तोंडावर त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. आम्ही बाकीचे खाली मान घालून आत गेलो. ते अजून सलतं.

मी सही केली नाही. तिन्ही ओळखपत्रं बायकोने पिठाच्या डब्यामागे जपून ठेवली होती, ती रात्री काढली. कंत्राटदारांची नावं तीन, पण विभागाच्या रकान्यात तिन्हींवर 'प्रेस शॉप' आणि खाली त्याच सुपरवायझरची सही. सोमवारी ती घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातोय. असल्या व्हाउचरवर ज्यांनी सह्या केल्यात, त्यांनीही आपापली जुनी कार्डं शोधा आणि चला माझ्याबरोबर.