ब्लेनरहॅसेट बेटावरचा वाडा

ब्लेनरहॅसेट बेटाच्या सहलीवरचा लेख आवडला. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या पार्कर्सबर्गहून बोटीने ओहायो नदीतल्या बेटावर जाणं, तिथली घोडागाडी, सगळं छान उतरलंय. पण वाडा मूळचा नाही, हे यायला हवं होतं. ज्याच्या नावाने बेट ओळखलं जातं, त्या हार्मन ब्लेनरहॅसेटचं घर १८११ मध्येच जळालं. १९७३ मध्ये उत्खननात त्याचा पाया सापडला आणि त्यावर आजची वास्तू उभी राहिली. दोन्ही अंगांनी कमानीसारख्या वळत गेलेल्या त्या खांबांच्या पडव्या मात्र बघत राहाव्यात अशाच!

आणि या घरात राबणारी माणसं गुलाम होती, त्यांचा उल्लेखच नाही. समोर ओहायो राज्यात गुलामगिरीला बंदी, बेट मात्र तेव्हा व्हर्जिनियात. पलीकडचा काठ तर तिथून डोळ्यांना दिसतो. मुलांना नेणाऱ्यांनी स्वयंपाकघरापाशी थांबून हे त्यांना जरूर सांगावं.