कुत्रेवाली पोट्टी

गावात आता मला नावानं कोणी विचारत नाही. ‘कुत्रेवाली पोट्टी’ म्हटलं की घर सापडते. बी.एस्सी. झाली, अमरावतीची रूम सोडून परत आली, अन् करते काय, तर पाच कुत्रे सांभाळते.

2023 च्या तलाठी भरतीला हजार रुपये फी भरली होती. जागा 4644, अर्ज दहा लाखांवर. त्या हजाराचा हिशोब मला आजपर्यंत कोणीच मागितला नाही. तेवढेच पैसे लसीवर गेले की लगेच, “पैसे झाडाले लागते काय वं?” वय वाढलं, पण मोबाइलच्या रिचार्जसाठी अजून बाबांपुढेच उभं राहावं लागते, त्यामुळं उत्तर देता येत नाही.

कुत्रे पाळले की टेन्शन जाते, असं रीलवाले सांगतात. काही जात नाही. निकाल लागला की पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहावं वाटते. पण पहाटे दारावर नखं खरवडणं सुरू झालं की उठावंच लागते. मागच्या पावसाळ्यात एका पिल्लाला पार्वो झाला, कुत्र्यांचा विषाणूचा आजार. रक्ताची हगवण, पाणीही पोटात ठरेना. विषाणूवर थेट औषध नाही, सलाईन लावून जीव धरून ठेवायचा. बाटली खुंटीला अडकवली, अन् पाय हलला की सुई निघते म्हणून तो इवलासा पाय रात्रभर मुठीत धरून बसली. वाचलं ते.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हरभरा पेरला की तेच लोक दारात, “एक कुत्रं दे न वावरात, डुकरं लय झाले.” नेतात ते नर. माद्या पोत्यात भरून माझ्या अंगणात सोडतात. नरालाही तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस कोणी देत नाही. चावल्यावर मात्र कुत्रं माझं.

केंद्राच्या 2023 च्या नियमांत भटक्या कुत्र्यांची नसबंदी अन् लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, ग्रामपंचायतही त्यात आली. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे बोलली तर हसले सारे. “आधी नाल्या होऊ दे, मंग तुह्ये कुत्रे.”

नाल्याही झाल्या नाहीत, तो भाग वेगळा. पुढच्या ग्रामसभेला लेखी अर्ज देणार आहे, पोच घेऊन. ज्यांनी नर नेले त्यांनी सही करायला यावं. कोणाकोणाच्या वावरात आहेत, मला माहीत आहे.