खुलासा : ‘ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून नोंदणी नको’ हे चूक

मासेमारीची जाळी, बोये (तरंगते), होडीचा नांगर वाहणाऱ्या ट्रॉलीला नोंदणी लागत नाही आणि लाल फडकं बांधलं की बांबू कितीही बाहेर चालतात, असा मेसेज फिरतोय. दोन्ही खोटं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलरही, म्हणजे ट्रॉलीही, मोटार वाहनच. कलम 61 नुसार त्याचा नंबर बाजूला, ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर हवा. फडक्याने मर्यादा वाढत नाही. मर्यादेबाहेरच्या मालाला 20,000 रुपये दंड, वर उतरवण्याचा खर्च.

पण जीव जातो तो मालाच्या मांडणीमुळे. ओली जाळी भलतीच जड. ती मागे टाकली की हुकावरचा (ट्रेलर गाडीला जोडतो तिथला) भार उचलला जातो आणि वेगात ट्रेलर झोकांड्या खातो. एका एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) छोट्या ट्रेलरला एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. म्हणून नांगर, शिशाची दोरी एक्सलच्या थोडं पुढे ठेवा. हुकाच्या पिनेला क्लिप लावाच, साखळ्या ट्रेलरच्या ओढायच्या दांड्याखालून फुलीत अडकवा. जाळीचं मोकळं टोक आत खोचून वर ताडपत्री ताणून बांधा, नाहीतर ते टोक चाकात गुंडाळतं. होडी उतरवताना तापलेला हब (चाकाचा मधला भाग) लगेच खाऱ्या पाण्यात घालू नका: आतली हवा आकसते, सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस धुपून बेअरिंग गंजतं.