नमुना घ्यावा तर वाळूचा

समुद्रतळाच्या गाळातला किरणोत्सार मोजायची जबाबदारी गळ्यात पडलीच, तर घाबरू नका. आकडा किती यायला हवा हे बोटीत बसायच्या आधी ठरवून टाका, की अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे चिखलाच्या वाटेला जाऊ नका. इंग्लंडातल्या सेलाफील्डच्या अणुकेंद्रवाल्यांना विचारा. 1952 पासून तिथलं किरणोत्सारी सांडपाणी पाइपातून आयरिश समुद्रात जाऊ लागलं. (तेव्हा त्या जागेला विंडस्केल म्हणत. 1957 मध्ये तिथल्या अणुभट्टीला आग लागली, 1981 मध्ये नाव बदललं. शुद्धीकरणाचा याहून स्वस्त प्रकार मला तरी माहीत नाही.) एवढा मोठा समुद्र, त्यात विरून जाईल, असा हिशेब होता. सांडपाण्यातल्या किरणोत्सारी सीझियमने या हिशेबाचा बराचसा मान राखला आणि पाण्याबरोबर स्कॉटलंडला वळसा घालून ते उत्तरेला निघून गेलं. तितकंच किरणोत्सारी प्लुटोनियम मात्र बारीक गाळाला चिकटलं, किनाऱ्यालगतच्या चिखलात ठाण मांडून बसलं आणि भरतीबरोबर थोडंथोडं जवळच्याच रेव्हनग्लासच्या खाडीत माघारीही आलं.

म्हणून वाळू घ्या. जाड कण, चिकटायला जागा कमी, आकडा खाली. कोणी शंका काढलीच तर ‘प्रातिनिधिक नमुना’ म्हणा आणि विषय बदला.

चिखल घ्यावाच लागला, तर ओलाच तोला. किलोत निम्मं पाणी आलं की दर किलोमागचे बेकरेलही (किरणोत्सार मोजायचं एकक) तेवढेच उतरतात. चिखल ओव्हनमध्ये वाळवायचा, कडक झालेली ढेप कुटायची, चाळून रांगोळीसारखी पूड करायची, ही खटपट ज्यांना खरा आकडा हवा त्यांची. डिटेक्टरवरही नमुना दिवसभर ठेवू नका. तासाभरात उचलला की ‘मापनमर्यादेपेक्षा कमी’ असं लिहिता येतं. त्यात खोटं काहीच नाही, आणि वाचणारा ते शून्य म्हणूनच वाचतो.

नळी खुपसून खोलवरचा गाळ काढायचा मोह तर टाळाच. त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप केले की जुनी खतावणी उघडल्यासारखं होतं. सत्तरच्या दशकात सोडलेलं सगळं खाली जमा दिसतं. तशी तळाशी बिळं करणारी कोळंबी थर वरखाली करून नोंदी बिघडवत असते. बिनपगारी आहे बिचारी, आभारात तिचा उल्लेख करा.

अडचण एकच, अमेरिशियम. प्लुटोनियमचाच एक प्रकार असलेल्या प्लुटोनियम-241 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, साधारण 14 वर्षं; त्याचा क्षय होतो आणि त्याचं अमेरिशियम-241 हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य होतं, ज्याचं अर्धायुष्य 432 वर्षं. म्हणजे पाइपाची तोटी आवळल्यावरही गाळात हे वाढतच राहतं. तेव्हा ‘प्लुटोनियम-241 मध्ये लक्षणीय घट’ हे पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. अमेरिशियमचा तक्ता परिशिष्ट ‘ड’ मध्ये, आडव्या पानावर, शक्यतो झेरॉक्स फिकी आलेली.