उरलंसुरलं मोठ्या कुत्र्याला घाला, पिल्लाला नको

स्पष्टच लिहिते. आपल्याकडे पिल्लू घरी आणताना रंग बघतात, शेपटी बघतात, वीस नखं आहेत का ते मोजतात. ते खाणार काय, याचा विचार मात्र शून्य. सकाळची उरलेली पोळी, वर पाणी घातलेलं कपभर दूध, झालं त्याचं जेवण. महिन्याभरानं त्याचं पोट ढोल्यासारखं आणि पाय काड्या झाले की मग गडी-बाया आमच्या दारात. "वहिनी, हे वाढूनच नाई राह्यलं. काय चारू याले?"

मी डॉक्टर नाही. दारव्ह्याकडे आमची कोरडवाहू शेती आहे, कोठ्यात शेळ्या आहेत आणि वावरात जागलीला कुत्रे लागतातच. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं एका रात्रीत हरभऱ्याचं काय करतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे पिल्लं वाढवणं हा आमच्याकडे हौसेचा भाग कमी आणि गरजेचा जास्त आहे. आणि माझं मत असं झालंय की घरात जे उरेल ते पिल्लाला, ही सवयच चुकीची आहे. मोठं कुत्रं उरलंसुरलं खाऊन निभावून नेतं. पिल्लाला निदान पहिले पाच-सहा महिने त्याच्यासाठी म्हणून शिजवलेलं नाहीतर आणलेलं अन्न पाहिजे. मग ते घरचं असो की पाकिटातलं, त्यावर भांडायला मला वेळ नाही.

आधी दुधाचं बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. डेअरीवर दूध घालणाऱ्याला फॅट म्हणजे काय ते समजावायची गरज नाही. गाईच्या दुधाला साडेतीन-चार फॅट लागते. कुत्रीच्या दुधात ती ८-९ टक्क्यांच्या घरात असते. प्रथिनं गाईच्या दुधात सव्वातीन टक्के, कुत्रीच्या दुधात ७-८. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कुत्रीच्या दुधात कमी आणि गाईच्या दुधात जास्त, पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पिल्लाला जे जास्त हवं ते गाईच्या दुधात अर्ध्याहून कमी, आणि जे पचायला जड ते जास्त. त्यात आपण पाणी घालतो! मग पातळ संडास लागली की "नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळायच्या. शेळीचं दूध हलकं म्हणून चालतं असं कुणी म्हणेल, पण त्यातही लॅक्टोज काही फार कमी नसतं. दही-ताक त्या मानानं बरं, विरजणात ती साखर थोडी मोडलेली असते.

भाकरीला माझा विरोध नाही बरं. काही शहरी मंडळी सांगतात की कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य चालतच नाही. तसं नाही. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात आणि कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं राहून कुत्रं भाकर पचवायला शिकलंय. पण पचणं वेगळं आणि त्यावर अंग धरणं वेगळं. ज्वारीत प्रथिनं साधारण १० टक्के. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या अन्नात ती किमान २२.५ टक्के असावीत, असं अमेरिकेतल्या आफ्कोचं, म्हणजे जनावरांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या संघटनेचं मानक सांगतं. मोठ्या कुत्र्याला १८ टक्के चालतात. नुसत्या भाकरीवर हा हिशोब बसतच नाही. अंडं, मटण, कोंबडी, डाळ यांतलं काहीतरी त्यात पडलंच पाहिजे.

आणि इथे आमच्या घरातलं राजकारण सुरू होतं. मामीजी माळकरी. शेगावची वारी कधी चुकवली नाही. स्वयंपाकघरात अंडं आणायची सोय नाही आणि ते बरोबरच आहे, त्यांचं घर आहे. म्हणून कोठ्याच्या मागे तीन दगडांची चूल मांडली आहे, एक जुना जर्मनचा गंज (अॅल्युमिनियमचं पातेलं) आहे आणि त्यातलं काहीही घरात येत नाही. मामीजी तिकडे फिरकत नाहीत, पण संध्याकाळी अंगणातून ओरडतात, "सुनबाई, त्या लेकराईचं शिजलं का?" यापलीकडे परवानगी आणखी काय असते!

घरोघरी आणखी एक समज ऐकते: मांस चारलं की कुत्र्याला रक्ताची चटक लागते, मग ते कोंबड्या धरतं. अहो, कोंबडीमागे धावणं त्याच्या अंगातच असतं. लहानपणी कोंबड्यांत वाढवलं आणि वेळीच दटावलं तर मांस खाणारं कुत्रंही कोंबड्यांच्या मधे झोपतं. उपाशी ठेवलेलं मात्र खुराड्याचं दार उचकटतं. "जास्त चारलं तं झोपते, राखण नाई करत" हे त्याचंच भावंड. आणि तेज व्हावं म्हणून तिखट चारणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल फेसबुकवर काय लिहू.

आमच्या गंजात काय शिजतं ते सांगते. ज्वारीच्या कण्या नाहीतर तांदूळ. त्यात तुरीचं साधं वरण, पण फोडणी पडायच्या आधी काढून ठेवलेलं. हे महत्त्वाचं आहे, कारण कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपण मायेनं कालच्या रश्श्यात भाकर कुस्करून देतो आणि रस्सा म्हणजे कांदा-लसणाचाच खेळ. मग त्यात उकडलेलं अंडं कुस्करून, किंवा बाजाराच्या दिवशी चिकनच्या दुकानातून स्वस्तात मिळणारा पोटा बारीक कापून. कलेजी थोडीच, रोज नाही. जोडीला थोडं उकडलेलं कोहळं, चमचाभर तेल. मीठ नाही, तिखट नाही. कच्चं अंडं एरवी देत नाही. शिजलेली हाडं तर अजिबात नाहीत, ती फुटून टोकदार होतात आणि आतड्याला लागतात. सोयाबीन घरचंच आहे म्हणून कुणी कच्चं भरडून घालत असाल तर थांबवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, ते चांगलं शिजवावंच लागतं. आणि द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट पोरांच्या हातून पिल्लाच्या तोंडात जाऊ देऊ नका, ते विषच.

घरच्या अन्नात एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे कॅल्शियम. कण्या, डाळ, मांस सगळं घातलं तरी ते पुरेसं पडत नाही. मग शरीर हाडातून काढून घेतं आणि पिल्लाचे पाय वाकतात. अंड्याची टरफलं मी उकळून, उन्हात वाळवून, तव्यावर जराशी भाजून खलबत्त्यात कुटते, नंतर मिक्सरमधून काढते. बोटांत घेतली की टोचता कामा नये. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. आपल्या गावठी पिल्लाला रोजचा पाव ते अर्धा चमचा भुकटी होते, पण वजन सांगून डॉक्टरांकडून प्रमाण पक्कं करून घ्या.

आता पाकिटाचं. आपल्याकडे सगळ्याच पाकिटांना लोक "पेडिग्री" म्हणतात, कंपनी कुठलीही असो. पाकीट वाईट नाही. चांगल्या पाकिटात प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. फक्त ते पिल्लाचं आहे की मोठ्या कुत्र्याचं हे वाचा, प्रथिनांचा आकडा वाचा, आणि मागे वजनानुसार किती घालायचं त्याचा तक्ता असतो तो वाचा. सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या. आमच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा भिजवलेलं अन्न तासाभरात आंबतं आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या. थोडं थोडं भिजवा, राहिलं तर उचलून टाका.

ज्यांनी हौसेनं लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड आणलाय (आजकाल तालुक्याच्या गावाला दर गल्लीत एक आहे), त्यांनी माझ्या गंजाच्या नादी लागू नये. मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढतं, त्याला कॅल्शियम कमी पडलं तर वाईट आणि जास्त झालं तर त्याहून वाईट, सांधे बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी वेगळं पाकीट मिळतं, तेच घ्या. आणि ते चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली पाजू नका. मेडिकलवाला देतो म्हणून घेऊ नका. एवढ्या पैशांचं कुत्रं आणलं तर खायला घालायला मागेपुढे बघू नये.

पण ग्लुकोज बिस्कीट? सगळ्यांचं लाडकं. मैदा, साखर, तेल. चहात बुडवून एखादं दिल्यानं काही होत नाही, पण पुडाच्या पुडा रोज म्हणजे पिल्लाचं पोट भरतं आणि पुढचं वरण-अंडं ते हुंगूनही बघत नाही.

किती वेळा द्यायचं: तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. वावरात जाणाऱ्याला चार वेळा जमत नाही हे मला कळतं. घरी म्हातारं माणूस असतं, लेकरं असतात, त्यांना सांगा. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत.

आता सगळ्यात चिडायला होतं ती गोष्ट. कितीही चांगलं चारा, पोटात जंत असतील तर ते जंतच खातात. पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातच लागतात, पुढे दुधातूनही येतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायचं असतं: दुसरा, चौथा, सहावा, आठवा आठवडा, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून. हेच जंत मातीत खेळणाऱ्या, मातीचे हात तोंडात घालणाऱ्या आपल्या लेकरांनाही लागू शकतात, तेवढं तरी मनावर घ्या.

आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा रक्ताच्या हगवणीचा रोग. आमच्या शेजारी एका पिल्लाला रक्ताची हगवण लागली. सगळ्यांनी एकमुखानं निकाल दिला, "अंडं चारलं म्हणून झालं." दोन दिवस त्याचं खाणं बंद केलं, दवाखान्यात नेलंच नाही. ते गेलं. अंड्यानं असं होत नाही, तो रोग होता आणि त्याची लस मिळते. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली, मग काही आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. त्या पिल्लानंतर शेजारच्या घरात आजही अंड्याला हात लावत नाहीत, लसीचं नाव मात्र कुणी काढत नाही.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. तीन-चार आठवड्यांचं झालं की ते आपणहून पातळ अन्न चाटायला लागतं, पण आईचं दूध सुटायला आणखी वेळ जातो. आई रस्त्यावर गाडीखाली गेली असेल तर इलाज नाही. तेव्हा पिल्लांसाठीची दूधभुकटी आणा, ती हाताशी येईपर्यंत घट्ट दुधात अंड्याचा पिवळा बलक फेटून कोमट द्या. पण गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. आणि पालथं ठेवून पाजा, तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका. दूध फुप्फुसात जातं. मोठं पिल्लू दुसऱ्याच्या घरून आणत असाल तर तिथे ते काय खात होतं ते विचारून या आणि आठवडाभर जुनं-नवं मिसळून द्या.

एवढं सगळं वाचून कुणी विचारेल की पिल्लाचं सगळ्यात चांगलं खाणं कुठलं, तर पहिला महिनाभर ते कुत्रीच्या अंगावरचं दूध. आणि ती कुत्री आपण उपाशी ठेवतो! पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना तिला नेहमीच्या दुप्पट ते चौपट अन्न लागतं. लोक पिल्लांना बशीत दूध ठेवतात आणि ती बशी चाटायला आलेल्या आईला काठी घालतात. ज्यांच्या कुटाराच्या ढिगात सध्या कुत्री व्यालेली आहे, त्यांनी आज तिच्यासाठी दोन भाकरी जास्त टाका, वर बिनफोडणीचं वरण, जमलं तर अंडं, आणि जवळ पाण्याचं भांडं ठेवा.