उठलो तर बंद पडेल

‘मागच्या वर्षापर्यंत मस्त चालू होता,’ ते गृहस्थ म्हणाले.

जुनी यंत्रं ज्यांच्या दारात पडून असतात त्यांची कालगणना निराळी असते. त्यांचं ‘मागचं वर्ष’ काही केल्या संपत नाही. ताडपत्री ओढली तेव्हा खालून मनगटाएवढ्या जाडीची एक वेल निघाली. ती पुढच्या चाकातून शिरून, स्टिअरिंगला दोन वेढे घालून, आरामात वर गेली होती. वर्षभरात वेलीच्यानं एवढं होत नाही, हे कळायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. पण मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो. मला दिसत होता फक्त गार्डन ट्रॅक्टर. पुढे बॉनेट, बॉनेटला दोन दिवे, मागे टरटरीत मोठी चाकं आणि मधोमध खुर्ची. खरं तर मला खुर्चीच दिसत होती. बारा वर्षं मी गवत कापायचं यंत्र ढकलत आलो होतो. हे काम बसून करता येतं, आणि तेही असं दोन दिव्यांच्या मागे रुबाबात बसून, या कल्पनेनंच मला गारद केलं.

‘किती द्यायचे?’

‘द्यायचे कसले? घेऊन जा. फक्त आजच न्या.’

त्या ‘आजच’ला मी दचकायला हवं होतं.

नेणं सोपं नव्हतं. पुढची चाकं नुसती बसलेली होती, मागची मात्र फिरायलाच तयार नव्हती. मी, मेव्हणा आणि ते गृहस्थ, असे तिघे मागून रेटत होतो आणि ट्रॅक्टर खांब रोवल्यासारखा उभा. त्याचं कारण मला आठ दिवसांनी कळलं. या जातीत गिअर नसतात. चाकं फिरवायला तेलाच्या दाबावर चालणारा पंप असतो, आणि इंजिन बंद असलं की आतलं तेल अडून बसतं, त्याच्याबरोबर चाकंही. म्हणूनच मागच्या बाजूला बोटभर लांबीची एक दांडी दिलेली असते. ती ओढली की तेलाला पळवाट मिळते आणि ट्रॅक्टर एकटा माणूससुद्धा ढकलू शकतो. त्या दिवशी आम्ही त्या दांडीला धरूनच ट्रॅक्टर ढकलत होतो. ओढून कुणी पाहिली नाही. शेवटी फळ्यांवरून खरवडत तो गाडीत चढवला. मागे अंगणात दोन खोल चर पडले होते.

‘बघा,’ मेव्हणा म्हणाला, ‘नांगरट करून दाखवली त्यानं.’

घरी बायकोनं ट्रॅक्टरभोवती एक पूर्ण फेरी मारली. वेलीचं उरलेलं टोक हातात धरून पाहिलं.

‘हा गवत कापणार?’

‘दुरुस्त झाला की.’

‘आणि तोवर?’

तोवरचा विचार मी केलेला नव्हता. गवतानं मात्र केला होता.

पहिला आठवडा घराणं शोधण्यात गेला, कारण बॉनेटवरचं नाव गंजानं खाल्लं होतं. रात्री जागून मी इतिहास वाचला. शेतावरच्या मोठ्या ट्रॅक्टरांचे कारखानदार एका पाठोपाठ एक घरामागच्या बागेत उतरले तो काळ मला तोंडपाठ झाला. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट आला, १९६३ साली जॉन डिअरचा ११०. आपलाही त्याच घराण्यातला कुणी लांबचा चुलतभाऊ असणार, अशी माझी खात्री होत चालली होती. पण सुट्या भागांच्या दुकानात खात्रीला कुणी विचारत नाही.

‘मॉडेल नंबर?’

‘लाल आहे,’ मी म्हणालो.

दुकानदारानं माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

मग मी इंजिन उघडलं. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं. सिलिंडरभोवती पातळ पंख असतात, वर फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, पंखा असतो, आणि सगळ्यावर पत्र्याचं एक झाकण, हवा नेमकी त्या पंखांमधून जावी म्हणून. झाकण काढलं तर आत हवेला जागाच नव्हती. उंदरांच्या दोन-तीन पिढ्यांनी तिथं संसार थाटला होता. सीटखालचा स्पंज, वायरींवरचं लाल-पिवळं प्लास्टिक, कुणाच्या तरी हातमोज्याचा अंगठा, आणि भरपूर कागद. कागद छापील होता. एक कपटा उलगडून वाचला: ‘...ची विशेष खबरदारी घ्यावी, अन्यथा...’ दुसऱ्यावर: ‘...प्रथम आकृती ७ पाहा.’ ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक होतं ते. उंदरांनी ते सीटखालून ओढून आणून, ओळन् ओळ कुरतडून, अंथरूण केलं होतं. त्या घरात यंत्राचा इतका सखोल अभ्यास त्यांच्याशिवाय कुणी केला नसेल. धड असं एकच अर्धं पान उरलं होतं. मथळा होता, आसनाखालचा स्विच. मी ते घडी घालून पाकिटात ठेवलं.

नवी बॅटरी बसवली, किल्ली फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक.

ही ‘टक’ ज्यानं ऐकली नाही त्याला तिचा अपमान कळणार नाही. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला वीज सोडणारा स्विच, म्हणतो, मी माझं काम केलं. स्टार्टर म्हणतो, मला कुणी काही सांगितलंच नाही. सरकारी फाइलीसारखंच. दोष निघाला अर्थिंगच्या वायरीत. तिच्या टोकाला हिरवट भुकटी धरली होती. ती घासून काढल्यावर स्टार्टर फिरला, इंजिन गरगरलं, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे काका उगवले. काकांकडे कुठलंही यंत्र नाही, त्यामुळे त्यांचं ज्ञान स्वच्छ राहिलेलं आहे.

‘हातानं फिरवून बघ रे.’

मी फ्लायव्हील फिरवलं. सहज फिरलं.

‘गेलं! कॉम्प्रेशन गेलं. भंगारात घाल.’

सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असेल तर हाताला अडायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वाचलं की अशा बऱ्याच छोट्या इंजिनांत चालू करताना ओढ कमी पडावी म्हणून कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक योजना असते. ती मंद फेऱ्यांना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते आणि वेग आला की आपोआप बाजूला होते. म्हणजे हातानं सहज फिरणं हा आजार नव्हता, सोय होती. मी हे काकांना आवर्जून सांगितलं. ‘असेल,’ ते म्हणाले, ‘पण तुझं गेलेलंच आहे.’

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या कपाटाच्या पॉलिशसारखा वास आला. पेट्रोल वर्षानुवर्षं पडून राहिलं की उडण्यासारखं ते उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर उरतो. तो थर सगळ्यात आधी अडवतो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पितळी तुकड्याला पाडलेलं एक भोक. भोक कसलं, नुसता संशय. उजेडासमोर धरून एक डोळा मिटून मी अर्धा तास बघत होतो, शेवटी वायरीतली तांब्याची एक तार काढून ती आत सारली. तार पलीकडून बाहेर आली तेव्हा एवढा आनंद झाला की मी उभा राहिलो. उभा राहताना गुडघा ट्रेला लागला. ट्रेमध्ये गव्हर्नरची स्प्रिंग होती. ती ‘टिंग्’ म्हणाली आणि गेली.

ही स्प्रिंग करंगळीच्या नखाएवढ्या जाडीची. ती आणि गव्हर्नर मिळून इंजिनचा वेग धरून ठेवतात. गवत दाट लागलं, इंजिनवर ओझं आलं, की आपोआप थोडं जास्त पेट्रोल सोडायचं. मोकळं झालं की आवरतं घ्यायचं. माझ्या इंजिनची मर्यादा मिनिटाला ३६०० फेऱ्यांची. स्प्रिंग नाही, तर ट्रॅक्टर नाही. आणि मॉडेल नंबरऐवजी ‘लाल’ सांगून नवी मिळत नाही.

आता परिस्थिती पाहा. ट्रॅक्टर गवताच्या कडेला उभा. गवत एव्हाना गुडघ्याच्या वर. स्प्रिंग त्या गवतात. गवत कापल्याशिवाय स्प्रिंग सापडणार नाही आणि स्प्रिंग सापडल्याशिवाय गवत कापलं जाणार नाही. मी चार संध्याकाळी रांगलो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं आणि ते गवतातून ओढत फिरलो. अकरा खिळे, एक कात्री, खेळण्यातल्या गाडीचं एक चाक आणि आम्ही तीन वर्षांपूर्वी बदललेल्या कुलपाची किल्ली निघाली.

‘कुत्रं फिरवायला नेल्यासारखे दिसता,’ बायको म्हणाली. ‘त्याला नाव तरी ठेवा.’

पाचव्या दिवशी मी नाद सोडला आणि नुसतं बसून राहायला नको म्हणून ठिणगीकडे वळलो. फ्लायव्हीलच्या कडेला लोहचुंबक बसवलेलं असतं. ते शेजारच्या कॉइलपुढून गेलं की करंट तयार होतो आणि प्लगपर्यंत जातो. माझ्या इंजिनात कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात फट हवी साधारण ०.२५ मिलिमीटर. ती मोजायला जाणकार लोक साधं व्हिजिटिंग कार्ड वापरतात. कार्ड मध्ये घालायचं, कॉइल चिकटू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून घ्यायचं. माझ्याकडे एका विमा एजंटाचं कार्ड होतं. त्यांनी दोन वर्षं पाठपुरावा करूनही ते माझ्या उपयोगी पडलं नव्हतं. कार्ड सरकवायला फ्लायव्हील थोडं फिरवलं, चुंबक समोर आलं, आणि चुंबकाला चिकटून बसली होती स्प्रिंग.

ट्रेपासून वीतभर अंतरावर. माझं ते स्पीकरचं चुंबक अंगणभर फिरत असताना ती दुसऱ्या चुंबकाच्या कुशीत स्वस्थ होती. मी हे घरात सांगितलं नाही. ‘सापडली’ एवढंच म्हणालो. ‘गवतात?’ या प्रश्नावर जरा खोकलो.

इंजिन त्याच संध्याकाळी सुरू झालं. आधी एक बार उडाला, काकांच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला, आणि मग निळ्या धुरात ते फटफटू लागलं. फक्त त्याला उमाळे येत होते. वेग वाढे, दम कोंडे, पुन्हा वाढे. रडून रडून थकलेल्या पोराच्या हुंदक्यांसारखं. स्प्रिंग अडकवायच्या पट्टीला ओळीनं भोकं होती आणि मी चुकीचं निवडलं होतं. कोणतं बरोबर, हे आकृती ७ मध्ये असणार. एकेक भोक बदलत गेलो आणि चौथ्याला हुंदके थांबले.

गंजलेल्या नटांबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांच्यावर मारायच्या फवाऱ्याच्या, डब्ल्यूडी-४० या नावातला आकडा म्हणजे १९५३ साली त्या द्रावणाचा चाळीसावा प्रयत्न जमला, त्याची खूण. पात्याच्या नटाशी झुंजताना हे वाचून मला धीर आला. माझा तेव्हा सहावाच चालू होता. पट्ट्याबद्दलही नको. पाच पुल्यांमधून पट्टा नेण्याचे किती मार्ग असू शकतात हा गणिताचा प्रश्न आहे आणि मी त्यातले बहुतेक पाहिलेत. एका रचनेत तर ट्रॅक्टर उभा राहिला आणि किंकाळी मारून पट्टाच पुढे गेला.

शेवटी राहिला स्विच. गवतात शिरायचं, चार हात जायचं, खड्डा लागायचा, इंजिन बंद. पुन्हा चालू, पुन्हा खड्डा, पुन्हा बंद. पाती फिरत असताना बसणारा उठला किंवा पडला तर इंजिन थांबावं म्हणून सीटखाली हा स्विच असतो. खड्ड्यात मी दोन बोटं वर उडत होतो आणि ट्रॅक्टर मला पडलो असं धरत होता.

‘वायरी डायरेक्ट जोडून टाक,’ काका कुंपणापलीकडून. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होतो. पण इथं उंटावर मी बसलो होतो आणि हाकत होते ते.

हे मात्र मी ऐकलं नाही. पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरू शकतं आणि ते माझ्या पायांपासून पत्र्याएवढ्या अंतरावर असतं. उंदरांनी नेलेल्या स्पंजाच्या जागी नवा घातला, स्विचची तुटकी वायर सोल्डर केली, तरी इंजिन बंद पडतच राहिलं. मग बायको येऊन बसली. खड्ड्यातून गेली, वळली, परत आली. एकदाही बंद पडला नाही.

‘तुम्ही पुढं झुकून, काठावर बसता,’ ती म्हणाली. ‘घोड्यावर बसल्यासारखे. पाठ टेका.’

पाठ टेकली. ट्रॅक्टर चालला.

त्यानंतरचे तीन रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले रविवार होते. घरातून हाक यायची, ‘अहो, फोन!’ मी हात हलवून ओरडायचो, ‘उठलो तर बंद पडेल!’ गिझर, पाहुणे, वरच्या फळीवरचा डबा, सगळ्याला हेच उत्तर. गवत दोनदा कापून झालं तरी मी तिसऱ्यांदा फिरत असायचो.

चौथ्या रविवारी मी बाहेर आलो तर ट्रॅक्टरवर बायको होती. पाठ टेकलेली, पाय सैल सोडलेले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

‘तुम्हीच बघा ना,’ ती म्हणाली. ‘मी उठले तर बंद पडेल.’

मी निघालो. निघताना दिसलं, की पाती बंद होती. ब्रेक लावलेला होता. अशा वेळी उठलं तरी इंजिन चालूच राहतं, हे त्या अर्ध्या पानाच्या शेवटच्या ओळीत छापलेलं आहे. मी पाकीट चाचपलं. पान नव्हतं. ते तिच्या हातात होतं, आणि ती वाचत नव्हती. त्यानं वारा घेत होती.

बेल पुन्हा वाजली.